चंद्रावतीनं देवी काढली

मॉरिशस बेटावर, क्वात्र बॉर्नच्या कापडबाजारात चंद्रावतीशी घासाघीस करायची म्हणजे आधी पोटभर जेवून जावं लागे. फ्रॉक, परकर, पोरांचे सदरे ती घरी शिवून आणायची आणि मांडून बसायची. तिच्या तोंडाचा पट्टा क्रेओलमध्ये सुरू व्हायचा. गिऱ्हाईक आपल्यातलं निघालं तर तो मराठीवर यायचा, आणि गिऱ्हाईक न घेताच निघालं तर त्याच्या पाठीमागून भोजपुरीत संपायचा. शिव्या भोजपुरीतच नीट बसतात, असं तिचं पक्कं मत होतं. दुसऱ्याचं वाक्य पुरतं ऐकून घेण्याची मात्र तिला सवय नव्हती. अर्ध्यात तिला सगळं कळायचं, निदान तिला तसं वाटायचं.

तिचा नवरा हरिलाल बसगाड्यांच्या गॅरेजात कामाला होता. घरात बोलायची सगळी जागा बायकोनं व्यापल्यामुळे त्यानं दोन शब्दांवर संसार केला. काहीही विचारा, तो म्हणायचा, "पा कोने." म्हणजे, मला काय ठाऊक. एवढ्यावर त्याचं सुखानं चाललं होतं.

फिनिक्स गावातल्या त्यांच्या घरात कोपऱ्यात एक देव्हारा होता आणि त्यात देवीचा एक टाक, चांदीचा, बोटभर उंचीचा. हरिलालची पणजी कोकणातून ऊस तोडायला जहाजात बसली तेव्हा तिनं तो लुगड्याच्या काठात शिवून आणला होता. कोणत्या गावची देवी, नाव काय, हे पणजीबरोबर गेलं. घरातले तिला नुसतंच 'देवी' म्हणत. इतकी वर्षं घासून घासून तिचे नाक-डोळे आता भक्तालाच दिसत. चंद्रावतीला ते स्पष्ट दिसायचे. बाजाराला जाताना तिला सांगून जायचं आणि आल्यावर आज काय काय झालं ते तिच्यापुढे ओकायचं, हा तिचा रोजचा नेम. पूर्ण बोलू देणारं घरात दुसरं होतं कोण? हरिलाल होता, पण तो ऐकता ऐकता झोपायचा.

या टाकावरून एकदा मोठं भांडण झालं होतं. सासू गेली तेव्हा हरिलालची थोरली बहीण भगवती समुद्रकाठच्या सूयाकहून आली आणि म्हणाली, लहानपणापासून मी हिला घासली-पुसली, ही मला द्या. हरिलाल म्हणाला, पा कोने. तेव्हा चंद्रावती त्याच्या वतीनं बोलली, आणि जरा जास्तच बोलली. "तुमचा नवरा मासे मारनारा. घरात सदा मासळीचा वास. तिथं देवीला कुठं बसवनार?" हे म्हणणारी बाई स्वतः उपासाचे वार सोडले तर रोज मासे खाणारी. पण शब्द गेला तो गेला. त्या दिवसापासून नणंद-भावजय लग्नाकार्यात भेटल्या तरी एकमेकींशी हरिलालमार्फत बोलत, आणि हरिलाल मध्ये बसून निरोप पोचवायलाही विसरायचा.

त्यांना एकच मुलगी, सुनयना. शिकायला म्हणून ती पुण्याला गेली आणि तिथल्याच एका कॉलेजातल्या मास्तराशी लग्न करून राहिली. पहिल्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं. चौऱ्याहत्तर साली तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका असं बजावलं. सासू नव्हती, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सुनयना कधी काही मागणारी मुलगी नव्हती. तिनं पत्रात लिहिलं, आई, येशील का? मला भीती वाटते.

चंद्रावतीनं त्याच दिवशी शिवणयंत्रावर झाकण घातलं. आयुष्यात ती विमानात बसली नव्हती. ती बेटावरून कधी हलली नव्हती. पण पोरीला भीती वाटते म्हटल्यावर आई काय करणार? लेकीजवळ वेळेवर पोचायचं, याखेरीज तिला दुसरं काही सुचेना.

देवळाच्या खोलीत संध्याकाळी मराठीचा वर्ग भरायचा. शिकवायला पुण्याहून एक मास्तर आले होते. त्यांचं मराठी छापील पुस्तकासारखं. निम्मं कळायचं, उरलेल्या निम्म्याला लोक माना डोलवायचे. जाण्यायेण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार, म्हणून चंद्रावती त्यांच्याकडे गेली.

"मास्तर, इंडियाला जायाचा तर काय काय लागतं?"

"पासपोर्ट, तिकीट, हे होईल हो," मास्तर म्हणाले. "पण काकू, सगळ्यात आधी देवी काढून घ्या. त्याशिवाय विमानात घेणार नाहीत."

चंद्रावतीला वाटलं, आपल्या कानात काहीतरी गेलं. "देवी काढायची?"

"हो. मुंबईला उतरलं की बघतात. ज्यांच्या काढल्या नसतील त्यांना अडकवून ठेवतात."

"तुमची काढलेली हाय?"

"माझ्या लहानपणीच काढल्या. इकडे येताना पुन्हा काढल्या."

मास्तर 'काढल्या' म्हणत होते, तो चंद्रावतीला देवीला दिलेला मान वाटला. शिकलेला माणूस, देवीलाही अहोजाहो करतो. "एकदा काढली का झाला?"

"छे, दर तीन वर्षांनी काढाव्या लागतात."

"आयो. तिकडं सगळ्यांची काढतात?"

"सगळ्यांच्या. तान्ह्या बाळांच्यासुद्धा. सरकारी माणसं घरोघर येतात. काही लोक लपवालपवी करतात, पण हल्ली फार कडक झालंय."

"लई तरास होत असंल ना, मास्तर?"

"थोडा होतो. एक-दोन दिवस ताप. पण घाबरायचं काही कारण नाही," मास्तर प्रेमानं म्हणाले आणि पोरांना बाराखडी सांगायला वळले.

आता जुन्या माणसांना इथं हसू फुटलं असेल. आपल्याकडे देवी हा रोगही होता, आणि त्याची लस टोचून घेण्याला देवी काढणं म्हणत. मॉरिशसला आलेल्या पहिल्या माणसांना हे ठाऊक होतं. पण तो रोग बेटावर कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता, आणि टोचण्याला सगळे क्रेओलमध्ये वाक्सेन म्हणू लागले. रोगाचं नाव विसरलं गेलं आणि देवी म्हणजे फक्त देव्हाऱ्यातली देवी उरली. मास्तरांना हे माहीत नव्हतं. चंद्रावतीला विचारायचं सुचलं नाही, कारण मास्तरांपुढे अडाणी दिसायला ती तयार नव्हती.

घरी येऊन तिनं हरिलालला सांगितलं. "इंडियाच्या सरकारनं कायदा केलाय. घरातली देवी काढल्याबिगर कुनाला घेत नाय."

हरिलालनं बराच वेळ विचार केला आणि तो म्हणाला, "पा कोने."

तिनं आपल्या परीनं कायद्याचा अर्थ लावून बघितला. परदेशातून रोप नेऊ देत नाहीत, बी नेऊ देत नाहीत, हे तिनं ऐकलं होतं. तसंच देवाचंही असेल. पण बरोबर नेऊ नका म्हणणं वेगळं आणि घरातूनच काढा म्हणणं वेगळं. तेही आपल्याच देशातून आलेली देवी? सरकारवर ती इतकी चिडली की भोजपुरीसुद्धा अपुरी पडली. मग ती देव्हाऱ्यापुढे बसली आणि तिची पाचावर धारण बसली. इकडे आड तिकडे विहीर. देवी काढली नाही तर पोरगी एकटी. काढली आणि देवी रागावली तर? पहिलं मूल गेलेलं. दुसऱ्याच्या वेळी देवीला घराबाहेर घालवायचं, असं काळीज कोणत्या आईचं असतं?

"रागवायचा तर माज्यावर रागव," ती देवीला म्हणाली. "पोरीवर नको."

काढायची, हे ठरलं. पण ठेवायची कुठं? देवळात इतक्या देवांच्या गर्दीत तिला कोण विचारणार? तिला रोज घासणारं-पुसणारं माणूस हवं. असं माणूस चंद्रावतीला एकच ठाऊक होतं, आणि त्याच्याशी तिचं बोलणं बंद होतं.

बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून, वर जास्वंदीची फुलं ठेवून तिनं टाक सूयाकला नेला. बसमध्ये डबा मांडीवर घट्ट धरून बसली. भगवती अंगणातल्या नळावर मासे साफ करत होती. भावजयीला बघून तिनं आधी मागे पाहिलं, हरिलाल आलाय का ते. तो नव्हता. आता बोलायचं कसं, हे दोघींनाही कळेना.

"वन्सं," शेवटी चंद्रावती म्हणाली, "देवी आनलीया. ठेवून घ्या."

भगवतीच्या हातातली सुरी थांबली. "का? काय झाला?"

"सुनयनाकडं जातंय मी. इंडियात घरात देवी असली तर येऊ देत नाय. काढावी लागते."

"असा कायदा कुठं असतो?"

"पुन्याचा मास्तर बोलला. त्याची पन काढलीया."

भगवती उठली. साबण लावून हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. आत जाऊन धुतलेली साडी नेसून आली आणि मगच तिनं पदर पसरून डबा घेतला. मासळीच्या वासाचं ती आता काढेल, मग काढेल, म्हणून चंद्रावती खाली मान घालून वाट बघत होती. भगवतीनं ते काढलं नाही. ते काढलं असतं तर चंद्रावतीला बरं वाटलं असतं. परतीच्या बसमध्ये ती उघड उघड रडली, आणि शेजारच्या बाईनं केळं देऊ केलं तेही तिनं रडतच खाल्लं.

प्रवासाचे कागद करताना एजंटानं सांगितलं, पोर्ट लुईच्या आरोग्य कचेरीत जाऊन पिवळं पुस्तक घ्या, त्यावर शिक्का लागतो. चंद्रावती हरिलालला बरोबर घेऊन गेली. बराच वेळ बाकावर बसल्यावर नंबर आला. आत पांढऱ्या कपड्यातली एक तरुण नर्स होती. तिनं न बघताच विचारलं, "वाक्सेन इन फेर?"

टोचून झालंय का, असं ती विचारत होती. पण चंद्रावती सरकारी उत्तर पाठ करून आली होती. ताठ बसून ती मराठीत म्हणाली, "देवी काढली."

नर्सनं वर पाहिलं. तिचा चेहरा खुलला. "काकी, तुम्ही आपल्यातल्या? मी बसंती, ब्लॅक रिव्हरकडची. बरं झाला, एक काम कमी. कुठं काढली?"

"सूयाकला."

"सूयाकला? तिकडं कोन काढतं?"

"मीच काढली. माज्या हातानं. नंदेकडं ठेवलीया."

बसंतीनं लेखणी खाली ठेवली. "काय ठेवलीया?"

"देवी. चांदीची."

बसंतीनं हरिलालकडे पाहिलं. हरिलाल म्हणाला, पा कोने. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हसू आवरल्यावर तिनं आपली बाही वर केली. दंडावर पैशाएवढा जुना वण होता. "काकी, माजी आजी ह्याला देवी काढल्या म्हनायची. ही वाक्सेन. दंडावर टोचायचा, बस. देव्हाऱ्यातल्या देवीला कोन हात लावतो?"

चंद्रावती त्या वणाकडे बघत राहिली. "एवढाच?"

"एवढाच."

तिचा जीव असा भांड्यात पडला की आवाज बाहेर बाकावर ऐकू गेला असावा. देवीही राहिली आणि पोरगीही राहिली. ती हसली, मग डोळे पुसले, मग तिथं नसलेल्या मास्तरांना भोजपुरीत दोन शिव्या हासडल्या, आणि पुन्हा हसली. हरिलाल तिच्याकडे बघून हसला. कशाला ते त्याला नक्की कळलं नव्हतं, पण बायको हसते आहे एवढं त्याला पुरे होतं.

चंद्रावतीच्या दंडावर असा वण नव्हता. लहानपणी मळ्यावर टोचणारा माणूस यायचा तेव्हा आजी तिला उसात नेऊन बसवायची. "मग ही पहिलीच," बसंती म्हणाली. "आठवड्यानं दाखवायला यायचा. फोड आला तर वाक्सेन लागू झाली. मगच शिक्का. नाय आला तर पुन्हा टोचायचा, आनि विमान पुढं जाईल."

"हे पोरांचा काम. मोठ्या मानसाला कशाला सुया?"

"मोठ्यांनाबी लागतात, काकी. पोरं आया आनतात म्हनून येतात. मोठ्यांना कोन आननार?" बसंतीनं तिच्या डाव्या दंडावर लसीचा थेंब ठेवला आणि दोन टोकांच्या सुईनं भराभर टोचलं. उजव्या दंडावर कॉलऱ्याची सुई दिली. मग तिचं लक्ष हरिलालच्या बोटांकडे गेलं. गॅरेजच्या गंजक्या लोखंडानं ती जागोजाग कापलेली होती, धनुर्वाताला आमंत्रणच. "काका, तेतानोसची सुई कधी घेतली?"

"पा कोने," हरिलाल म्हणाला, आणि या वेळी ते अगदी खरं होतं.

"म्हंजे नाय घेतली. घराजवळच्या दिस्पांसेरीत जा. फुकट देतात, कागद काय लागत नाय. एकदा घेऊन भागत नाय, सांगतील तेव्हा पुन्हा जायाचा."

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीनं त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. बसच्या इंजिनाखाली आयुष्य काढलेला हा गडी सुई बघून सरळ जमिनीवर बसला. पण घेतली.

देवी परत आणायला चंद्रावती सूयाकला निघाली तेव्हा तिचा दंड ठणकत होता आणि अंगात कणकण होती. भगवतीच्या घरात शिरताच ती थबकली. भिंतीवर नवी फळी ठोकली होती. फळीवर लाल कापड, त्यावर देवी, पुढे समई. टाक इतका लख्ख घासलेला की नाक-डोळे आता परक्यालाही दिसले असते. घरात मासळीचा वास औषधालाही नव्हता. भगवतीचा नवरा परशुराम उंबऱ्यावर बसून कुरकुरत होता. त्यानं समुद्रातून आणायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. देवी आल्यापासून घरात फक्त डाळ शिजत होती.

चंद्रावतीनं सगळी हकीकत सांगितली. परशुराम इतका हसला की त्याला ठसका लागला. भगवती हसली नाही. ती फळीकडे बघत म्हणाली, "म्हंजे न्यायला आलीस."

चंद्रावती त्याचसाठी आली होती. हो म्हणायला तिनं तोंडही उघडलं. पण नणंदेचा चेहरा बघितल्यावर ते 'हो' बाहेर येईना. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती चांगली ओळखायची. ही बाई घासाघीस करत नव्हती. ती द्यायला उठलीच होती.

"मी तीन म्हयने नसनार," चंद्रावती म्हणाली. "तुमचा भाऊ दिवा लावील काय? तो झोपंल. राहू दे तुमच्याकडं. आनि वन्सं, वासाचा ते मी वाईट बोलले. तसा बोलायला नको होता."

"नको होताच," भगवती म्हणाली. मग तिनं हात भावजयीच्या कपाळाला लावला. "अगं, तू तर तापलीस."

त्या रात्री तिनं चंद्रावतीला जाऊ दिलं नाही. देवी रागावली की काय म्हणून भगवती मनातून घाबरली होती, पण चंद्रावती गुंगीतही सांगत होती, नर्स बोलली, ताप येतोच. ताप उतरला तरी ती तिथंच राहिली. दिवसातून कितीदा तरी दोघी बाही वर करून दंड बघायच्या. नुसता लाल डाग. विमान आठवड्यातून एकदाच जायचं. ते चुकलं तर पुन्हा टोचणं, पुन्हा वाट बघणं, आणि सुनयनाचे दिवस भरत आलेले. एका सकाळी भगवतीनं बाही वर केली आणि हाक मारून नवऱ्याला बोलावलं. टपोरा, पाण्यानं भरलेला फोड वर आला होता. अंगावर फोड उठला म्हणून दोन बायका एकमेकींना मिठी मारून नाचताना परशुरामानं पहिल्यांदाच बघितल्या.

"वाक्सेन इन प्रान," कचेरीत दंड बघून बसंती म्हणाली. लागू झाली. तिनं पिवळ्या पुस्तकावर शिक्का मारला, आणि चंद्रावतीला वाटलं आपण परीक्षा पास झालो.

प्लेझान्सच्या विमानतळावर भगवती आणि हरिलाल दोघे आले होते, आणि नणंद-भावजय आता त्याला मध्ये न घेता थेट बोलत होत्या. मुंबईला उतरल्यावर अधिकाऱ्यानं पिवळं पुस्तक उघडलं, शिंक यायला लागतो तेवढा वेळ पाहिलं आणि परत दिलं. एवढ्याचसाठी किती रडलो, असं मनात येऊन चंद्रावतीला त्या अधिकाऱ्याचा राग आला. मग जावई समोर दिसला. पहिला प्रश्न विचारायला तिला धीर होईना, तेव्हा त्यानंच सांगितलं, "ती बरी आहे, आई. वाट बघतेय."

पुण्याला घराच्या आतल्या खोलीत सुनयना पलंगावर पडून होती. पोट उंच, चेहरा सुकलेला. चंद्रावती प्रवासभर काय काय बोलायचं ते ठरवत आली होती, ते सगळं बाजूला राहिलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. आतून ठोसा बसला, चांगला जोराचा.

"आई, तू खरंच आलीस," सुनयना म्हणाली. तिनं आईचा डावा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि इतक्या महिन्यांचं रडून घेतलं. खपली अजून ओली होती. चंद्रावतीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं हात काढून घेतला नाही, आणि लेकीचं रडणं संपेपर्यंत ती मध्ये एक अक्षर बोलली नाही.